कलौंजी, गोळ्या आणि मूत्रपिंडे



मी बी.ए., बी.एड.; डॉक्टर नव्हे. पण गुडघेदुखीसाठी रोज गोळी घेणारे माझे अब्बा म्हणाले, "वर कलौंजी खातो, मग गोळी काय बिघडवणार?" तेव्हा मला पुस्तके उघडावी लागली.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. जेंटामायसिनसारखे औषध त्यांच्या नलिकांच्या पेशींत साठते व तेथे ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढवते. कलौंजीतील थायमोक्विनोन हे द्रव्य त्या कणांना आवरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते दिलेल्या उंदरांची मूत्रपिंडे जेंटामायसिनपासून बचावली. उंदरांची, हे ध्यानात घ्या! आणि दिले होते ते वेगळे काढलेले द्रव्य, चिमूटभर दाणे नव्हेत. माणसांच्या बाबतीत तशी खात्री अद्याप झालेली नाही.

वेदनाशामक गोळीची तर तऱ्हाच निराळी. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. उतारवय, मधुमेह किंवा अंगात पाणी कमी असेल तर धोका अधिक.

अब्बांच्या रक्तातील क्रिएटिनिन तपासले. आकडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी बंद केली. कलौंजी आता लोणच्यात असते. तिला कोणाचीच हरकत नाही.