दूधवाल्याचा मुलगा



नाताळबाबा म्हटलं की गुबगुबीत, हसरा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. रेमंड ब्रिग्ज या ब्रिटिश चित्रकथाकारानं १९७३ साली त्याला अंथरुणातून कुरकुरत उठवलं. बाहेर बर्फ, आणि नेमका आजच कामाचा दिवस! हा बाबा थंडीच्या नावानं बोटं मोडतो, धुराड्यांवर करवादतो, चक्क संडासात बसलेलाही दिसतो. त्याचं चुकतं तरी कुठे? रात्रभर गारठ्यात घरोघर माल पोचवायचा, ही हमालीच की. ब्रिग्जना ती घरातच दिसली होती. त्यांचे वडील अर्नेस्ट लंडनमध्ये दुधाचा रतीब घालत. त्याच पुस्तकात वाटेवर एक दूधवाला बाबाला भेटतो, तो हाच.

ब्रिग्ज १९३४ चे. पंधराव्या वर्षी कलाशाळेत गेले आणि व्यंगचित्रकार व्हायचंय म्हणाले, तर प्राचार्य लालबुंद झाले: ‘एवढंच?’ पुढे ब्रिग्जनी स्वतःच ब्रायटनच्या कलाशाळेत पंचवीसेक वर्षं शिकवलं.

१९७८ चं ‘द स्नोमॅन’ आपल्याकडेही काहींनी पाहिलं असेल. त्याआधी दोन वर्षं ते चिखल, शेंबूड आणि शब्दांनी भरलेल्या एका पुस्तकात बुडाले होते. त्याचा वीट आला, म्हणून हे पुस्तक रंगीत पेन्सिलींनी, एकाही शब्दाशिवाय काढलं.

माझं आवडतं मात्र १९८२ चं ‘व्हेन द विंड ब्लोज’. जिम आणि हिल्डा हे निवृत्त जोडपं अणुबॉम्बला तोंड द्यायची तयारी करतं. सरकारी पत्रकात लिहिलंय म्हणून जिम घरातली दारं काढून भिंतीला तिरकी टेकवतो. झाला आसरा! बॉम्ब पडायला अवघी तीन मिनिटं उरलेली, आणि हिल्डाचा जीव भट्टीतल्या केकमध्ये अडकलेला. नंतर दोघं पावसाचं पाणी साठवून त्याचा चहा करतात. सरकार काहीतरी करीलच, या भरवशावर. या पानावर मी दर वेळी थांबतो. या दोघांत ब्रिग्जचे आईवडील आहेत.

१९९८ मध्ये त्यांनी खुद्द आईवडिलांचीच गोष्ट काढली, ‘एथेल अँड अर्नेस्ट’. बड्या घरची मोलकरीण आणि दूधवाला. लग्न, विम्बल्डनचं घर, युद्ध, पहिला टीव्ही. दोघंही १९७१ साली, काही महिन्यांच्या अंतरानं गेले. शेवटी रेमंड त्या रिकाम्या घराच्या परसात उभे आहेत. लहानपणी तिथे त्यांनी नासपतीचं बी पेरलं होतं. त्याचं आता चांगलं उंच झाड झालंय.