चोरांचा धनी, चोरांचा काळ

मराठी नाट्यरसिकांस 'तीन पैशाचा तमाशा' हें नाटक ठाऊक आहे. पु. ल. देशपांडे यांनीं लिहिलेलें व जब्बार पटेल यांनीं बसविलेलें हें नाटक पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनें इ. स. १९७८ मध्यें रंगभूमीवर आणलें. त्याचा बाज मराठी असला तरी बीज या मातींतलें नाहीं. त्याला आधार होता बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नाटकाचा. तें बर्लिन येथें ३१ ऑगस्ट १९२८ रोजीं प्रथम झालें. ब्रेख्तनें तरी तें कोठून घेतलें? बरोबर दोनशें वर्षांपूर्वीं, २९ जानेवारी १७२८ रोजीं, लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील नाटकगृहांत जॉन गे या कवीचें 'दि बेगर्स ऑपेरा' लागलें होतें, त्यावरून. आणि गे यास मात्र पुस्तकांत शोधावें लागलें नाहीं. त्याच्या नाटकांतील पीचम नांवाचा धूर्त म्हातारा ज्याच्यावरून घेतला, तो इसम लंडनच्या रस्त्यांतून राजरोस हिंडत असे, आणि नाटकापूर्वीं तीनच वर्षें आधीं तो फांसावर गेला होता. त्याचें नांव जोनाथन वाइल्ड.

वाइल्ड हा वुल्व्हरहॅम्प्टन गांवचा. त्याचा बाप्तिस्मा १६८३ सालचा. पट्ट्याचीं बकलें करण्याचें काम तो शिकला, पुढें बायकोमुलास टाकून लंडनला आला आणि कर्जापायीं तुरुंगांत पडला. तुरुंग ही त्याची पाठशाळा झाली. कोण चोर कोणत्या पेठेंत चोरी करतो, माल कोठें नेतो, त्याची कोणाशीं दोस्ती व कोणाशीं वैर, ही सगळी माहिती त्यानें तेथें मिळविली. १७१२ सालीं तो सुटला. चार्ल्स हिचन नांवाचा शहराचा एक दुय्यम मार्शल तेव्हां हाच धंदा करीत होता. ही अधिकाराची जागा त्यानें ७०० पौंड मोजून विकत घेतली होती. कांहीं काळ वाइल्डनें त्याच्या हाताखालीं काम केलें आणि मग आपलें स्वतंत्र दुकान थाटलें.

हें दुकान काय होतें तें समजण्यास त्या काळचें लंडन डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. एवढ्या अफाट शहरांत आज आपण ज्याला पोलीसखातें म्हणतों तें मुळींच नव्हतें. रात्रीं कंदील व काठी घेऊन फिरणारे पहारेकरी होते, आणि पाळीपाळीनें वर्षभर बिनपगारी काम करणारे कॉन्स्टेबल होते. ज्याची चोरी झाली त्यानेंच चोर शोधावा, त्यानेंच खटला भरावा, खर्चही त्यानेंच सोसावा, अशी रीत होती. सरकारनें आपल्याकडून एकच उपाय केला होता. १६९२ च्या कायद्यानें वाटमाऱ्यास पकडून त्यावर गुन्हा शाबीत करणारास ४० पौंडांचें बक्षीस ठेविलें. मजुराला वर्षभर राबूनही तितकें मिळत नसे. असें बक्षीस ठेवलें म्हणजे चोर धरणारे निपजतील हें सरकारच्या ध्यानांत आलें. पण ते चोर वाढवितीलही, हें आलें नाहीं.

वाइल्डची युक्ति साधी होती. एखाद्याचें घड्याळ चोरीस जाई. घड्याळ बाजारांत विकावें तर चोराला त्याच्या किमतीचा अल्पसा भागही मिळत नसे, आणि विकत घेणाराला कायद्याची भीति. पण घड्याळाच्या धन्यालाच तें परत हवें असतें, आणि तो बाजारापेक्षां चांगला भाव देतो! म्हणून धनी वाइल्डच्या कचेरींत येई. वाइल्ड त्याला आदरानें बसवी, काय गेलें, कोठें गेलें तें वहींत टिपून घेई. दोन दिवसांनीं निरोप जाई कीं, अमुक एका सज्जन दुकानदारास संशय येऊन त्यानें घड्याळ अडकवून ठेविलें आहे. त्या बापड्यास कांहीं बक्षिसी दिली तर बरें. वाइल्ड स्वतः चोरीच्या मालास हात लावीत नसे. धन्याला घड्याळ मिळे, चोराला बाजारभावापेक्षां जास्त पैसे मिळत, आणि वाइल्डला दोघांकडूनही लाभ होई.

त्याची दुसरी बाजू अधिक काळी होती. जो चोर त्याच्याकडे माल आणीत नसे, वांट्यावरून भांडे, अथवा ज्याला फार कांहीं ठाऊक झालें असे, त्याला वाइल्ड पकडून देई. साक्षीदार तोच उभे करी आणि ४० पौंड तोच घेई. पुढें पुढें तर लंडनच्या आसमंतांतील वाटमारीसाठीं राजाज्ञेनें त्यांत आणखी १०० पौंडांची भर पडली, आणि १७२० सालीं गुन्हे कसे आटोक्यांत आणावेत याविषयीं राजाच्या प्रिव्ही कौन्सिलनें सल्ला विचारला तो वाइल्डलाच. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथील चोर धरणारांचा सरसेनापति, अशी पदवी त्यानें आपली आपणच घेतली होती.

सगळ्यांना हें ठाऊक नव्हतें काय? बऱ्याच जणांना होतें. हिचननें १७१८ मध्यें पुस्तिका छापून वाइल्डचें बिंग फोडलें. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा केला कीं, चोराला पकडून न देतां चोरीचा माल परत करण्याबद्दल जो पैसे घेईल तो चोराइतकाच गुन्हेगार. लोक त्यास जोनाथन वाइल्डचा कायदा म्हणूं लागले. तरीही सभ्य लोक त्याच्या दाराशीं येतच राहिले. घड्याळ परत मिळालें कीं, बाकीचें कोण विचारतो?

या सुरळीत चाललेल्या कारभाराला नकार दिला तो बाविशींतल्या एका पोरानें. जॅक शेपर्ड हा सुताराच्या हाताखालचा उमेदवार. चोर खरा, पण वाइल्डचा चाकर व्हावयास तयार नव्हता. १७२४ या एका सालांत तो चार वेळां कोठडींतून पळाला. शेपर्डच्या सोबतिणीकडून माग काढून वाइल्डनें त्याला पकडविलें होतें. १५ ऑक्टोबर रोजीं शेपर्डचा साथीदार जोसेफ ब्लेक, ज्याला लोक ब्ल्यूस्किन म्हणत, याचा ओल्ड बेली न्यायालयांत खटला होता. आपल्याकरितां रदबदली करावी म्हणून त्यानें वाइल्डला विनविलें. वाइल्डनें नकार देतांच त्यानें लहानसा चाकू काढून त्याच्या गळ्यावर चालविला. गळ्याभोंवतीं मलमलीचें जाड फडकें होतें म्हणून वाइल्ड वांचला. न्यायालयांत झालेला गोंधळ शेजारच्या न्यूगेट तुरुंगापर्यंत पोंचला, आणि त्याच रात्रीं शेपर्ड बेड्या, कुलपें, भिंती सर्व फोडून निघून गेला. दोघेही शेवटीं नोव्हेंबरांत फांसावर गेले. परंतु त्या दिवसापासून वाइल्डचा दरारा ओसरला तो ओसरलाच. आपल्या माणसाला कॉन्स्टेबलच्या हातून सोडविल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी १७२५ मध्यें तो स्वतः न्यूगेटमध्यें आला.

त्याच्यावरील खटला वाचतांना हंसावें कीं संतापावें हें कळत नाहीं. ज्यानें माणसें विकलीं, त्याच्यावर आरोप आला तो एका दुकानांतल्या लेसचा. कॅथरिन स्टेदम नांवाच्या बाईची लेस त्याच्याच दोघां हस्तकांनीं चोरली होती. तुरुंगांत असतांनाच वाइल्डनें त्या बाईकडून दहा गिनी घेऊन लेस परत मिळवून दिली! पंधरा मे रोजीं पंचांपुढें त्यानें एक यादी वांटली: आपण ३५ वाटमारे, २२ घरफोडे आणि हद्दपारींतून परत आलेले १० गुन्हेगार यांस शिक्षा देवविली. एकूण सदुसष्ट. ही आपली देशसेवा आहे, असें त्याचें म्हणणें. त्या यादींत खरे अपराधी किती आणि अवज्ञेचे बळी किती, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. चोरीच्या आरोपांतून तो सुटला. पण दहा गिनी घेतल्याबद्दल, म्हणजे त्याच्याच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखालीं, त्याला फांशी झाली. आदल्या रात्रीं त्यानें अफूचा अर्क घेतला, परंतु तो जगला. २४ मे १७२५ रोजीं त्याला टायबर्नला नेलें तेव्हां वाटेंत लोकांनीं दगडांचा वर्षाव केला. त्यांतले कांहीं त्याच्या कचेरींत घड्याळ शोधावयास जाऊन आलेले असतील.

आतां जॉन गे यानें या मालमसाल्याचें काय केलें तें पाहावें. पडदा उघडतो तेव्हां पीचम हिशेबाची मोठी वही पुढें घेऊन बसलेला आहे. या खेपेस कोणाला फांसावर द्यावें आणि कोणाला अजून कमवूं द्यावें, याचा तो दुकानदाराच्या शांतपणानें विचार करीत आहे. इंग्रजींत 'पीच' म्हणजे साथीदारांची चुगली करणें, त्यावरून हें नांव. मॅकहीथ हा रंगेल दरोडेखोर शेपर्डच्या आठवणीवर पोसलेला. पहिल्याच हंगामांत नाटकाचे ६२ प्रयोग झाले. नाटकगृहाचा चालक जॉन रिच होता; नाटकानें गे श्रीमंत झाला आणि रिच आनंदी झाला, असा विनोद त्या वेळीं प्रचलित होता, कारण त्या दोन नांवांचे इंग्रजी अर्थ नेमके उलट आहेत. प्रेक्षकांनीं पीचममध्यें वाइल्ड ओळखला, त्याचबरोबर पंतप्रधान सर रॉबर्ट वॉल्पोलही ओळखला. गे यानें 'पॉली' नांवाचा पुढचा भाग लिहिला तेव्हां सरकारनें तो रंगभूमीवर येऊंच दिला नाहीं.

मात्र एक गोष्ट गे यानें बदलली. त्याचा मॅकहीथ शेवटीं मरत नाहीं. नाटक गोड व्हावें म्हणून त्याची फांशी ऐनवेळीं रद्द होते. ब्रेख्तनेंही राजाचा दूत आणून त्याला वांचविलें आणि पीचमला भिकाऱ्यांचा कारखानदार केलें. दोन्ही नाटकांत पीचमचा केंसही वांकडा होत नाहीं. लंडनमध्यें मात्र शेपर्डला कोणी दूत भेटला नाहीं, आणि वाइल्डलाही नाहीं. गे याची विनोदबुद्धि थोर असली तरी त्याच्या गाण्यांच्या गोडव्यांत त्या सदुसष्ट जणांचा विसर पडतो, असें म्हणणें भाग आहे.

हेन्री फील्डिंगचें तसें नाहीं. त्याची वाइल्डवरील कादंबरी १७४३ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत वाइल्डला तो सतत थोर पुरुष म्हणून गौरवितो, आणि तो गौरव जसजसा वाढतो तसतसा वाचकाच्या अंगावर कांटा येतो. वॉल्पोललाही त्याचे विरोधक हेंच विशेषण उपहासानें लावीत. कादंबरी चिरकाल टिकणारी असली तरी फील्डिंगचें मोठेपण तिच्यापुढें आहे. पांच वर्षांनीं तो स्वतः लंडनच्या बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेट झाला. ज्या व्यवस्थेनें वाइल्ड निपजला ती आतां त्याच्याच मेजावर होती. बहुतेक माजी कॉन्स्टेबलांतून निवडलेली एक लहानशी तुकडी त्यानें उभी केली. १७५१ च्या आपल्या निबंधांत त्यानें बोट ठेविलें तें चोरांइतकेंच सभ्य लोकांवर: माल परत द्या, कांहीं विचारणार नाहीं, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत देणारांवर. पुढच्याच वर्षीं अशा जाहिरातीला ५० पौंड दंड करणारा कायदा अमलांत आला. बक्षिसाची पद्धति मात्र चिवट निघाली. बक्षिसासाठीं पोरांना गुन्ह्यांत ओढून फांसावर देणारी मॅकडॅनियलची टोळी १७५४ मध्यें उघडकीस आली, तरी कायद्यानें ठरलेलीं तीं बक्षिसें १८१८ पर्यंत चालूच राहिलीं.

शेरलॉक होम्सच्या वाचकांसही वाइल्ड अपरिचित नाहीं. 'दि व्हॅली ऑफ फीअर' या १९१५ च्या कादंबरींत होम्स पोलीस अधिकाऱ्याला वाइल्डचा वृत्तांत वाचण्याचा सल्ला देतो, कारण प्रोफेसर मोरिआर्टीचा कारभार त्याच धर्तीचा.

वाइल्डला पुरलें होतें, पण प्रेत उकरून काढलें गेलें, आणि त्याचा सांगाडा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहांत आला. तो आजही तेथें आहे. हें कॉलेज लिंकन्स इन फील्ड्स येथेंच असून, त्याच्या संग्रहालयाला जागा हवी म्हणून १८४८ सालीं शेजारची जी जुनी इमारत पाडण्यांत आली, ती गे याचा पीचम जेथें प्रथम रंगमंचावर आला त्या नाटकगृहाची होती.