दंवाचें पाणी

हिंवाळ्यांत पहाटे अंगणांतील गवत दंवानें भिजलेलें असतें, पण शेजारची दगडी पायरी कोरडी असते. असें कां व्हावें? या साध्या प्रश्नाकडे लक्ष न गेल्यामुळें दोन मोठ्या उद्योगांस अपयश आलें.

क्रिमियांतील फिओदोसिया येथें झिबोल्ड नांवाचा वनाधिकारी होता. टेकड्यांवरील दगडांचे प्राचीन ढीग पाहून, पूर्वीचे लोक यांतूनच हवेंतील पाणी मिळवीत असावेत, असा त्यानें तर्क केला आणि १९१२ सालीं तशीच मोठी रास रचली. तींतून दिवसाला ३६० लिटरपर्यंत पाणी मिळाल्याचें सांगतात. पण तळ गळूं लागला आणि १९१५ मध्यें प्रयोग थांबला. ते प्राचीन ढीग थडगीं होतीं, हें पुढें उमगलें! फ्रान्समध्यें क्नापेन या बेल्जियन एंजिनियरानें १९३०-३१ सालीं सुमारें १४ मीटर उंचीचा दगडी मनोरा उभारला. त्याचें रात्रीचें उत्पन्न जेमतेम कांहीं लिटर!

जाड दगड दिवसाची ऊब पोटांत सांठवितो आणि पहाटेपर्यंत पुरता निवत नाहीं. खरें मर्म लंडनच्या डॉक्टर वेल्स यांनीं १८१४ सालींच सांगितलें होतें. निरभ्र रात्रीं वस्तु आपली उष्णता किरणरूपानें आकाशाकडे सोडते, हवेहून थंड होते, आणि मग तिच्यावर दंव जमतें. ढग आले कीं ही वाट अडते. म्हणून पृष्ठभाग हवा तो पातळ, जमिनीच्या उबेपासून तुटलेला आणि आकाशाकडे तोंड केलेला, गवताच्या पात्यासारखा.

याच तत्त्वावर कच्छमध्यें अहमदाबादचे प्राध्यापक गिरजा शरण यांनीं दंवसंग्राहक उभारले. उतरत्या चौकटीवर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्याखालीं उष्णता अडविणारा थर, पायथ्याशीं पन्हळ आणि पुढें टांकी, एवढीच ही रचना. पानध्रो येथील संग्राहकाचें क्षेत्र ८५० चौरस मीटर होतें.

तथापि अतिरेकी आशा नको. वाफेचें पाणी होतांना पुष्कळ उष्णता बाहेर पडते आणि तीहि आकाशानेंच न्यावी लागते. त्यामुळें चौरस मीटरामागें एका रात्रींत एक लिटरहि हातीं येत नाहीं. या पाण्यावर शेत पिकणार नाहीं. परंतु जेथें विहिरीस खारें पाणी लागतें, तेथें इंधनावांचून मिळालेला एक हंडा, गाळून शुद्ध केल्यावर, घराची तहान भागवूं शकतो. त्या घरास त्याचें मोल विचारावें!