सगळ्यात हळू चालणारे पुढे
(सहलीआधीच्या बैठकीतील भाषण)

सभासद बंधू-भगिनींनो आणि जिन्यावर बसलेल्या बालगोपाळांनो,

कासच्या सहलीची बस, नाश्ता वगैरे कमिटी बघेल. मी फक्त चालण्याबद्दल बोलतो.

कास म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. वर मातीचा थर जेमतेम, म्हणून मोठी झाडं कमी. पण सप्टेंबरात गेंद, सोनकी, तेरडा, सीतेची आसवं! ही आसवं दिसायला नाजूक, पण वनस्पती कीटकभक्षी. मुलांनो, वाकून बघायची, तुडवायची नाही. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर कासही आलं. आता सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी अफाट, म्हणून मधल्या वारी जाऊ. नोकरदारांनी एक रजा टाकावी. प्रवेशाचं बुकिंग आधीच करायचं.

आता मुख्य मुद्दा. साठीपुढच्यांनी गाडीतच बसावं, अशी एक सूचना आली आहे. मला ती मान्य नाही. सोसायटी नवी असताना टँकरसाठी रात्र रात्र जागले ते हेच लोक. कुमुदिनी तळ्याकडे जाणारा जुना राजमार्ग बराचसा सपाट आहे. सगळ्यात हळू चालणारे पुढे राहतील, तरुण मागे. जिथवर जमेल तिथवर जाऊ, आणि सगळे मिळून परतू. ओला जांभा भलता निसरडा, तेव्हा काठी आणि खाचांचे बूट हवेत. धुकं दाटलं की जागीच थांबून हाका मारायच्या.

दुपारी कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीला उतरू. शिवसागराच्या काठावर डबे उघडू.

नावं उद्यापर्यंत वॉचमनकडच्या वहीत लिहा. वयाचा रकाना मी खोडलाय.