अंक जुळविण्याचा खेळ आणि गुणांचा हिशेब



खेळ म्हटला म्हणजे तो मुलांचा विषय, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु फांसा उलटा पडतांच घरांतील वडील माणसेंही कशीं हिरमुसतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. खेळणारा गुणांसाठीं धडपडतो. म्हणून गुण कशास द्यावयाचे हें ठरविणारा मनुष्य त्याला नकळत कांहीं शिकवीतच असतो. या दृष्टीनें आज मी '२०४८' नांवाच्या खेळाचा विचार करणार आहें.

इटलींतील गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या तरुणानें हा खेळ मार्च २०१४ मध्यें तयार केला. पटावर चार ओळींत मिळून सोळा घरें. बोटानें ज्या दिशेस ढकलावें त्या दिशेस सर्व सोंगट्या कडेपर्यंत सरकतात, आणि सारख्या अंकाच्या दोन सोंगट्या भेटल्या कीं त्यांच्या बेरजेची एक सोंगटी होते. प्रत्येक चालीनंतर एखाद्या रिकाम्या घरांत नवी सोंगटी येते. दहांपैकीं नऊ वेळां ती २ ची, एखादे वेळीं ४ ची. जुळणीनें जो अंक होईल तितके गुण मिळतात. पट भरला आणि जुळणी उरली नाहीं कीं डाव संपला.

आतां या गुणांत काय मोजलें जातें तें पाहूं. जुळणीनें पटावरील एकूण बेरीज बदलत नाहीं. ती वाढते केवळ नव्या सोंगटीनें, सरासरीनें दर चालीस २.२. म्हणून २०४८ ची सोंगटी व्हावयास सरासरीनें नऊशें तीसच्या आसपास चाली लागतात. नुसत्या २ च्या सोंगट्यांपासून ती केली तर गुण होतात २०,४८०. आयती आलेली प्रत्येक ४ ची सोंगटी त्यांतून ४ गुण कमी करते, इतकेंच. म्हणजे कोणी मोठ्या कौशल्यानें तेथें पोहोंचो, कोणी धडपडत पोहोंचो, गुण जवळजवळ सारखेच! हे गुण डाव किती लांबला तें सांगतात, तो कसा खेळला तें सांगत नाहींत.

यावरून माझ्या घरीं एक तंटा झाला. माझ्या आईनें दिवसभरांत एकच डाव, प्रत्येक चाल विचार करून खेळून, १०२४ पर्यंत नेला. पुतण्यानें तीस डाव मांडले आणि त्यांतील उत्तम तेवढा दाखवून आजीला हिणविलें. तिनें मोबाईल मुकाट्यानें खालीं ठेवला, तो पुन्हां हातांत घेतला नाहीं. मला वाटतें, अन्याय पुतण्यानें केला त्याहून अधिक गुणांच्या रीतीनें केला.

याच घराण्यांतील वडील खेळ 'थ्रीज'. अॅशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनीं चौदा महिने खपून तो फेब्रुवारी २०१४ मध्यें बाहेर आणला. त्यांत १ आणि २ मिळून ३ होतात, पुढें सारखे अंक जुळतात. सोंगट्या एका चालीस एकच घर सरकतात. पुढील सोंगटी कोणत्या जातीची तें आधीं दिसतें. आणि ती ढकलल्याच्या विरुद्ध बाजूनेंच आंत येते. त्यामुळें दैवाचा वांटा राहतो, पण विचारालाही जागा मिळते. गुण डावाच्या शेवटींच मोजतात: ३ च्या सोंगटीस ३, ६ च्या सोंगटीस ९, १२ च्या सोंगटीस २७. सहाच्या दोन सोंगट्या सुट्या राहिल्या तर अठरा, जुळल्या तर सत्तावीस! अंक दुप्पट होतो तेव्हां गुण तिप्पट होतात. म्हणून जुळणीचें मोल खरोखर दिसतें.

यावरून '२०४८' साठीं मी दोन सुधारणा सुचवितों. ब्रिजच्या सामन्यांत निरनिराळ्या टेबलांवर तेच हात वांटून दैव सर्वांना सारखें करण्याची एक पद्धत आहे. तसाच सोंगट्यांचा क्रम सर्वांना एकच द्यावा. दुसरें, चाली ठरवून द्याव्या, समजा तीनशें. मग शेवटपर्यंत टिकलेल्या प्रत्येकाच्या पटावर बेरीज अगदीं सारखीच असेल. फरक असेल तो ती किती थोड्या घरांत बसविली याचाच. रिकामीं घरें मोजावीं, तेच गुण. घाईनें तीस डाव मांडण्याचा मोहही यानें उरत नाहीं, कारण तोच क्रम दुसऱ्यांदा आला तर तो जमेस धरावयाचा नाहीं.

हा बेत मीं घरीं सांगितला. कागदाच्या सोंगट्या कापल्या, क्रमाची यादी केली. आई चष्मा पुसून म्हणाली, "मांड तर पट! पण पहिलाच डाव धरायचा हो!" पुतण्या अजून यादीकडे साशंकपणें पाहत आहे.