पाच बहिणींचा दावा

(अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील महिला गटांच्या जमीन हक्क शिबिरात श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला आज सातबाऱ्यावर बोलायला बोलावलं आहे. त्यावर बोलणारच आहे, पण सुरुवात जरा लांबून करते. या जिल्ह्यात काम करायला लागून मला आठ वर्षं झाली. जवळजवळ प्रत्येक गावात कुणीतरी आजी मला विचारतेच, "ताई, तुम्ही कोणत्या?" मी सांगते, बेने इस्राएल. "म्हंजे ख्रिश्चन का?" नाही आजी, ज्यू. यहुदी. मग त्या म्हणतात, "आन् बोलता तर आमच्यावानीच!"

बोलणारच. आमची मायबोली मराठीच आहे. आताच्या रायगड जिल्ह्यात आमचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. गावांवरून आडनावं पडली. दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आज इथे आम्ही काही हजारच उरलो आहोत.

घाणा बंद ठेवून शनिवारी आमच्यात काय करतात, ते सांगते, कारण आजचा विषय तिथूनच निघतो.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. इथं बसलेल्या ख्रिस्ती भगिनींना ती जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं म्हणून ठाऊक आहेत. प्रार्थनालयात ती चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेली असतात. त्यांचे वर्षाला पुरतील असे ५४ भाग पाडलेले आहेत. एका भागाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी सकाळी एक पाराशा वाचायची, काही आठवड्यांत दोन एकदम. पावसाळा सरला की सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा भाग संपतो, आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते. जगात जिथे जिथे ज्यू आहेत, तिथे साधारण त्या आठवड्याला तेच पान उघडलेलं असतं.

पोथीच्या पारायणासारखंच हे. यात आवडेल ते वाचायचं आणि अडचणीचं वगळायचं अशी सोय नाही. जे पान टोचतं, तेही दर वर्षी ठरल्या शनिवारी समोर येतं.

आणि टोचणारी पानं आहेत बरं का. नवऱ्याला संशय आला तर बायकोला कडू पाणी पाजून तिची परीक्षा घ्यायची, असा विधी त्यात आहे. मुलीनं नवस केला तर बाप तो मोडू शकतो, बायकोनं केला तर नवरा मोडू शकतो, असंही आहे. सीतेला अग्नी आणि आमच्याकडे कडू पाणी! हे मी झाकून ठेवणार नाही. आपापल्या घरातली पानं आपणच उघडून वाचली पाहिजेत.

लहानपणी मी प्रार्थनालयात खाली, पप्पांच्या मांडीवर बसायची. बारा वर्षांची झाले आणि आजी म्हणाली, "आता वर चल." वर म्हणजे बायकांच्या सज्जात. गुंडाळी खाली, वाचणारे खाली, आम्ही कठड्याला रेलून वरून बघायचं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या आमच्या गावात कितीदा तरी नऊच जमायचे. वर वीस बायका बसलेल्या असायच्या, पण दहावा माणूस यायची वाट बघत सगळे थांबायचे. आमची मोजदादच नव्हती.

आजीला हिब्रू कळत नव्हतं. पण गोष्टी सगळ्या पाठ होत्या, आणि त्या मराठीत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८० च्या सुमाराला आमच्या लोकांनी हिंदू हरिदासांची कीर्तनं ऐकून आपली कीर्तनं रचली. पूर्वरंग, उत्तररंग, ओव्या, आर्या, सगळं तसंच, कथा मात्र मोशेची, योसेफाची. न शिकलेल्या बायकांपर्यंत तोरा पोचली ती अशी कीर्तनातून. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून, काळ्या मनुकांचं सरबत करून झालं की आजी आम्हाला त्या आठवड्याची गोष्ट सांगायची.

जुलैच्या सुमाराला, आपल्याकडे पेरण्या होतात त्या दिवसांत, पिनहास नावाची पाराशा येते. तिच्यात पाच बहिणींची गोष्ट आहे. मराठी बायबलात 'गणना' या पुस्तकाचा २७ वा अध्याय काढा, तिथे सापडेल. सलाफहाद नावाचा माणूस वाळवंटात मेला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्याच वेळी पुढे मिळणाऱ्या जमिनीच्या वाटपासाठी माणसांची मोजणी झाली. मोजणी पुरुषांची, म्हणजे वाटाही पुरुषांना. बापाचं नाव पुसलं जाणार.

या पाच जणी काय करतात? घरात रडत बसत नाहीत. मामाला मध्ये घालत नाहीत. जिथे मोशे, मुख्य याजक, सरदार आणि सगळा समाज जमतो, त्या मंडपाच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि सांगतात की बापाच्या भावांबरोबर आम्हालाही वाटा हवा. मोशेला उत्तर देता येत नाही. तो प्रश्न परमेश्वराकडे नेतो. उत्तर येतं की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. आणि तिथल्या तिथे सगळ्यांसाठी नवा कायदा होतो. पुरुषाला मुलगा नसेल तर वारसा मुलीकडे जाईल.

माझं तेरावं सरत होतं तेव्हा ही पाराशा मी सज्जातून ऐकली. आजीनं घरी गोष्ट सांगितली. मला त्या पाच जणी फार आवडल्या. त्याच पावसाळ्यात आमच्या घरी एक कागद आला. आजोबा वारले होते. अलिबाग तालुक्यात त्यांची एक एकर जमीन होती. वारसांमध्ये माझे पप्पा आणि माझी आत्या होती. आत्यानं हक्कसोड पत्रावर सही केली. तिला कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. चहापोहे झाले. आजीनंच तिला साडी नेसवली.

ज्या आजीनं मला महला आणि नोआची गोष्ट सांगितली, त्याच आजीनं! तिला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही नाही वाटलं. पुढे ती जमीन विकली, आणि त्या पैशातून माझी एमएसडब्ल्यूची फी भरली गेली. स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कावर मी पहिला निबंध लिहिला तो आत्याच्या वाट्याच्या पैशावर. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. म्हणून इथे उभं राहून 'बायका सह्या का करतात?' असं मी तुम्हाला वरून विचारू शकत नाही.

कुणी म्हणेल, धर्मग्रंथात मुलींना भाऊ नव्हता, आत्याला होता. बरोबर आहे. जुन्या धर्मशास्त्रात भाऊ असला की मुलीला वारसा नाही, पालनपोषण आणि लग्नाचा खर्च एवढंच. शिवाय त्या पाच जणींची गोष्टही तिथेच संपत नाही. पुढे त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात कुळातले पुढारी येऊन तक्रार करतात की या बाहेर लग्न करतील आणि जमीन दुसऱ्या वंशात जाईल. मग अट पडते की जमीन हवी तर वंशातच लग्न करा. बघा, युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? "पोरगी परक्या घरची, जमीन जावयाच्या घशात जाईल." हे वाक्य किती जुनं आहे!

पण देशाचा कायदा त्या पानाच्या पुढे गेलेला आहे. भारतीय ज्यू आणि ख्रिस्ती यांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख भगिनींसाठी १९५६ चा कायदा आला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं तो दुरुस्त केला, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं मुलाइतकीच हिस्सेदार झाली. २००५ ला बाप जिवंत असला पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुस्लीम भगिनींनाही वाटा आहे, साधारणपणे भावाच्या निम्मा. म्हणजे आत्याचा कायदा १९२५ पासून तिच्या बाजूनं होता. घरातल्या कुणी तो तिला वाचून दाखवला नाही.

मग दर आठवड्याला वाचून उपयोग काय? मी हा प्रश्न स्वतःला खूप विचारला. नुसतं ऐकलं तर उपयोग नाही, पानाला प्रश्न विचारला तर आहे. आमच्याच समाजात डॉ. जेरुशा झिराड होऊन गेल्या. लंडनला जाऊन १९१९ मध्ये एम.डी. झाल्या, पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, हजारो बाळंतपणं सुखरूप केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या धर्म सोडून गेल्या नाहीत. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही प्रागतिक संस्था काढण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथे प्रार्थनेला स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. जगात इतरत्रही हेच झालं. १९३५ मध्ये जर्मनीत रेजिना योनास पहिली स्त्री रब्बी झाली. नाझींनी तिला १९४४ मध्ये आउशविट्झला मारलं. त्यानंतर १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाली. या बायकांनी तोरा फेकून दिली नाही आणि जशीच्या तशी डोक्यावरही घेतली नाही. मंडपाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आता मी दर आठवड्याची पाराशा वाचताना तीन प्रश्न विचारते. यात कोण बोललं? कोण गप्प राहिलं? आणि जी गप्प राहिली तिचं नाव आज कुठे लिहिलं आहे?

हा तिसरा प्रश्न थेट सातबाऱ्यावर येतो. त्या पाच जणींची गोष्ट अजून एका जागी येते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. मोशे वारला. यहोशवाच्या काळात कनान देशात प्रत्यक्ष वाटप सुरू झालं, तेव्हा त्या पाच जणींना पुन्हा जावं लागलं. परमेश्वरानं निकाल दिला होता, तरी पुन्हा! जाऊन त्यांनी निकालाची आठवण करून दिली, तेव्हा जमीन मिळाली. निकाल वेगळा आणि ताबा वेगळा.

आपल्या गावांत हेच चालतं. हा कालव्याचा, उसाचा मुलूख. बिल ज्याच्या नावावर त्याच्या खात्यावर जातं. कारखान्याचा शेअर, सोसायटीचं कर्ज, सगळं उताऱ्यावरच्या नावाला. म्हणून घरात मृत्यू झाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस कळवायचे, आणि त्यात मुलींची, विधवेची नावं आहेत का ते स्वतः बघायचं. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात. मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली तरी प्रांताकडे अपील करता येतं. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं की मागे फिरणं फार अवघड. म्हणून सही करायच्या आधी कागद घरी आणा, गटात मोठ्यानं वाचा. सही द्यायचीच असेल तर द्या, पण कशावर देतो आहोत ते कळून द्या.

माझ्या घरचं सांगून थांबते. दोन वर्षांपूर्वी पप्पा वारले. आई आधीच गेली होती. आजोबांचं राहतं घर अजून आजोबांच्याच नावावर होतं. भावानं दोन कागद आणले, एक माझ्यासाठी, एक आत्यासाठी. खरं सांगते, भावाच्या प्रेमापोटी माझाही हात पेनाकडे गेला. मग मी आत्याला विचारलं, "तेव्हा तू सही का केलीस?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं. सही कुठं करायची तेवढं दाखवलं."

आम्ही दोघींनी सही केली नाही. अर्धं घर आत्याचं, पाव माझं, पाव भावाचं, अशी वारस नोंद झाली. भाऊ चार महिने माझ्याशी बोलला नाही. ते चार महिने सोपे नव्हते. त्यानंतर एका शुक्रवारी दिवेलागणीला तो आला आणि सरबत पिऊन गेला. अजूनही सगळं सरळ झालेलं नाही. विकलेली एक एकर परत येणार नाही, आणि माझी पदवी त्याच पैशावर उभी आहे. ते देणं मला फेडायचं आहे, म्हणून तुमच्यात फिरते.

तुमच्या गटाची दर आठवड्याला बैठक होते. हप्ते जमा होतात, सह्या होतात, उठतो. माझी एवढीच विनंती आहे. दर बैठकीत एका बाईनं आपल्या घरचा सातबारा आणायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. टोचला तरी वाचायचा. वीस बायकांचा गट असेल तर पाच महिन्यांत एक फेरी पुरी होईल. मग पुन्हा पहिल्या बाईपासून सुरुवात करा, आणि बघा, तिचं नाव लागलं का. नसेल लागलं, तर तिच्याबरोबर सगळ्या जणी तलाठ्याच्या दारात जाऊ.

त्याही पाच जणी होत्या. एकटी कुणीच गेली नव्हती.