जिभेचे वळण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक थापटून पाहिले आणि नामदेवांना 'कच्चे मडके' ठरविले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शब्द कठोर होता. नामदेवांना तो झोंबलाही. परंतु त्याच शब्दाने त्यांना विसोबा खेचरांच्या चरणांपाशी नेले. कच्चे मडके भाजून पक्के करता येते. त्या शब्दाने उणीव दाखविली, तशी वाटही दाखविली.

आपल्या नित्याच्या बोलण्यातील किती कठोर शब्दांत अशी वाट असते? जन्मावरून चिकटविलेल्या शब्दाला कोणतीच भट्टी उपयोगी पडत नाही. तो ऐकणाऱ्याने करावे तरी काय?

माझाच एक प्रमाद सांगतो. गावी एका पाहुण्यांना रस्ता सांगताना मी जुन्या सवयीने एका वस्तीचे नाव जातीवरून घेतले. जवळ उभा असलेला शाळकरी मुलगा हळूच म्हणाला, "काका, आता समतानगर म्हणतात." त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मी अधिक ओशाळलो. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्या वस्तीची पाटी बदलली होती. माझी जीभ बदलली नव्हती.

सवय जात नाही, ही आपली नेहमीची सबब. परंतु २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तेव्हापासून जुने नाव तोंडी येताच आपल्यातील कितीतरी जण थांबतात व ते दुरुस्त करतात. म्हणजे जिभेला वळण लावता येते; इच्छा मात्र हवी. जिल्ह्याच्या नावासाठी जो विवेक आपण बाळगतो, तो शेजाऱ्यासाठी का बाळगू नये? आपल्या ज्ञातीचा कोणी हेटाळणीने उल्लेख केला, तर आपल्यालाही तो जिव्हारी लागतोच की!

हा विवेक उंबऱ्याच्या आतही हवा. कन्येला 'परक्याचे धन' म्हणताना ती ते ऐकत असते, याचा आपल्याला विसर पडतो.

प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षी एवढेच करावे : असा शब्द मुलांदेखत निघाला, तर तो त्यांच्यादेखतच मागे घ्यावा. मुले आपला उपदेश कदाचित विसरतील. वडीलधाऱ्यांनी शब्द मागे घेतलेला विसरणार नाहीत.